खोलण्याआधीची वही

प्रस्तावना बहुतेक वेळा झालेल्या कामाला लिहितात. काम फत्ते झालं, की लेखक वयाने मोठ्या अशा कुणाला तरी गाठतो आणि चार बरे शब्द लिहून घेतो. इथे तसं नाही. या पुस्तकातली गाडी अजून सुरूच झालेली नाही. मी हे लिहितोय तेव्हा ती चिखली तालुक्यातल्या उंद्री गावात, एका गोठ्याच्या अर्ध्या भागात, चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात गाय आणि तिचं वासरू. गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. मालक, म्हणजे होऊ घातलेला मालक, बावीस वर्षांचा. त्याचं नाव मुखपृष्ठावर आहे. मी इथे त्याला पोरगाच म्हणणार, कारण आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी माझ्या हाताखाली दोन वर्षं काढली ते सगळे माझ्या लेखी पोरंच आहेत. काहींना नातवंडं झालीत, तरी.

मोटर मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून मी निवृत्त झालो. हा माझ्या शेवटच्या बॅचचा. एका दुपारी तो एसटीने चिखलीला माझ्या घरी आला. काखेत दोनशे पानी रजिस्टर होतं. मला वाटलं आता मोबाइल काढून फोटो दाखवणार. जुन्या गाडीचं वेड लागलेली पोरं आधी फोटोच दाखवतात, आणि तोही चकचकीत रंगवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा. याने रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर तारीख आणि खाली एकच ओळ : आज काही खोलायचं नाही. दुसऱ्या पानावर गाडीच्या चारी बाजूंची मापं, काचांवरच्या खुणा, टायरांची नावं, आणि शेवटी पुन्हा तेच : आज काही खोलायचं नाही. अशी सात पानं.

"काय रे हे?"

"सर, तुमीच तं सांगतलं होतं. तुमच्या पोत्यातल्या फियाटची गोष्ट."

ती गोष्ट मी दर बॅचला सांगायचो. पोरं हसायची आणि विसरायची. याने लक्षात ठेवली, तेव्हा आता ती छापून टाकायला हरकत नाही. १९८९ साली मी एका डॉक्टरांकडून बंद पडलेली फियाट डिलाइट घेतली. अंगात रग होती, पान्यांचा नवा सेट होता. दोन रविवारांत मी ती गाडी पार सोलून काढली. इंजिन खाली, गिअरबॉक्स खाली, दारं, सीटा, वायरिंग, सगळं. नट-बोल्ट एका डब्यात, बाकी सामान खताच्या चार पोत्यांत. मग लग्नसराई आली, पेरणी आली, परीक्षा आल्या. वर्षभराने पोती उघडली तर कुठला बोल्ट कुठला हे मला सांगता येईना. वायरिंगच्या गुंडाळीकडे बघून तर रडूच यायचं. आणखी दोन पावसाळे गेले आणि शेवटी ती चार पोती आणि पत्र्याचा सांगाडा भंगारवाल्याच्या काट्यावर चढला. आमच्या भागातलं बरंचसं भंगार जालन्याच्या भट्ट्यांकडे जातं. त्या डॉक्टरांची फियाट आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन पडली असेल.

गाडी मेली ती माझ्या उत्साहाने. गंजाने तिला इतकं नव्हतं मारलं. आणि पहिल्यांदाच जुनी गाडी उभी करायला निघालेल्या शंभरातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं, हे मी आयुष्यभर गॅरेजांच्या मागच्या अंगणात बघत आलो. खोलायला काही अक्कल लागत नाही. खोलण्याआधी काय करायचं, याचं हे पुस्तक आहे.

पद्मिनी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला आणि पुढे इटलीच्या फियाटशी जुळलं. पन्नाशीच्या दशकात आलेल्या त्या गोलमटोल फियाट ११००ला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं, तेही लाडाने. १९६४ला डिलाइट आली. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटशी करार संपला तेव्हा तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४पासून 'पद्मिनी'. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट, चारही चाकांना ड्रम. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक या गाडीची. २०००-०१च्या सुमारास ती बनायची थांबली.

उंद्रीची पद्मिनी आधी खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे होती. मग गावातल्या डॉक्टरांनी घेतली. हे डॉक्टर वेगळे, माझे नव्हेत, पण आमच्या भागात जुनी फियाट आणि डॉक्टर ही जोडी ठरलेलीच. त्यांच्यामागे २००१पासून ती गोठ्यात उभी. वर सोयाबीनचं कुटार, टपावर कोंबड्या. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने ती पोराला फुकट दिली. अट एकच, विकायची नाही.

मला विचारलं असतं तर मी पद्मिनी घेऊ दिली नसती. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणात त्याने माझा सल्ला जरा गोड करून सांगितलाय. पहिल्या खेपेला विदर्भातल्या पोराने महिंद्राची जीप घ्यावी. महिंद्रांनी १९४७च्या सुमारास माझगावला विलिज जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर तिचाच वंश फिरतोय. तिची चासी वेगळी, बॉडी वेगळी. बॉडी गंजली तर उचलून बाजूला ठेवा, पत्रा सपाट, गावातला वेल्डरसुद्धा ठोकून देतो. काळी-पिवळी कमांडर चालवून म्हातारे झालेले ड्रायव्हर आणि मिस्त्री दर गावाला आहेत. पद्मिनीचं तसं नाही. तिला वेगळी चासी नाहीच. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, खांब, टप, सगळं मिळून एकच डबा, आणि त्या डब्यालाच चाकं लावलेली. म्हणजे पत्रा सडला की नुसतं रूप बिघडत नाही, गाडीचं हाड मोडतं. अशी गाडी आंधळेपणाने कापली तर दारं पुन्हा आयुष्यात नीट लागत नाहीत.

पोराचं म्हणणं, "सर, जीप चांगली आहे पण ते माह्या गोठ्यात नाही ना." यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि खरं बघता त्याचं चुकत नव्हतं. पहिली गाडी स्वप्नातली नसावी, हाताशी असलेली असावी. मुंबईहून मर्सिडीजचा सांगाडा आणून अंगणात सडवणारे मी पाहिलेत. इथे गाडी कोणाची, किती वर्षं उभी, कशाने बंद पडली, हे सांगणारी माणसं गल्लीत आहेत. शेवटच्या फेरीत काय झालं ते डॉक्टरांच्या कंपाउंडरने सांगितलं : इंजिन गरम झालं होतं, ढकलत आणली होती. या एका वाक्याची किंमत मोठी आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ते तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. म्हणजे खोलायच्या आधीच पोराला ठाऊक आहे की हेड लेथवाल्याकडे नेऊन प्लेन करावं लागणार.

मी उंद्रीला गेलो तो पत्रा बघायलाच. खामगावकडे जाणाऱ्या एसटीने उतरलो. सोबत फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक जुना पेचकस नेला होता. लोहचुंबक कशाला, ते पोरगा विसरला होता. पत्र्यावर चुंबक चिकटतं, लांबीवर नाही. डेंटरने जिथे खड्डा ठोकून न काढता लांबीने बुजवलाय तिथे चुंबक घसरतं. पुढच्या डाव्या मडगार्डवर ते तीन जागी घसरलं. म्हणजे खामगावच्या शेठजींनी कुठेतरी ठोकली होती. बाकी टप, बॉनेट, डिकी स्वच्छ. मग आम्ही जमिनीवर पालथे पडून दाराखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचत गेलो. चांगला पत्रा टणक वाजतो. सडलेला पत्रा वाजतच नाही, पेचकस आत जातो आणि आतून तपकिरी भुगा गळतो. उजव्या बाजूला मागच्या चाकाजवळ तळहाताएवढ्या जागेत तो गेला. बाकी सगळीकडे टण्ण.

मुंबईची गाडी असती तर ती दाराखाली चाळणी झाली असती. आमच्या जिल्ह्याची हवा कोरडी, उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे, पत्र्याला ती मानवते. पण काळी माती मात्र वाईट. मडगार्डच्या आत लिंपलेला चिखल वर्षभर ओल धरून ठेवतो. गंज बाहेरून खात नाही, त्या लिंपणाच्या आडून खातो. कोरड्या हवेने पत्रा वाचवला तसं रबर खाल्लं. काचांची रबरं, होसपाइप, बुश, सगळ्याला तडे. आणि उंदीर. सीटमधला काथ्या आणि वायरिंगचं कापडी आवरण यांचं त्यांनी डॅशबोर्डमागे झकास घरटं केलं होतं. पोराने त्या घरट्याचाही फोटो काढून वहीत चिकटवलाय. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, "इथलं वायरिंग पयले पाहाचं, म्हनून." बरोबर आहे.

इंजिन जागं करण्याचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं, आणि त्याचं श्रेय पोराला नाही, मला तर नाहीच. ते अमडापूरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पन्नास वर्षं फियाटी आणि ॲम्बेसेडरी केल्या, आता दिसत कमी. बोटांनी बघतात. पोराची अपेक्षा अशी, की उस्ताद येतील, बॅटरी लावतील, सेल्फ मारतील. त्यांनी आल्या आल्या बॅटरी गोठ्याच्या बाहेर ठेवायला लावली. चारही प्लग काढले, नंबर घालून ओळीने मांडले. टोकं बघितली, तिसरा काळा आणि ओला. भोकांतून चमचा-चमचा तेल सोडलं आणि हात पुसत उठले.

"आता?"

"आता चाय. पंचवीस साल झोपली थे, आनखी आठ दिवस झोपू दे ना."

इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. सेल्फच्या जोराने ओढलं तर रिंग तुटते आणि बोअरवर ओरखडा पडतो, मग बोअरिंग, नवे पिस्टन, सगळा खर्च. तेल मुरलं की हाताने, हळू, पुढे-मागे करून बघायचं. तेवढ्या आठ दिवसांत पोराने पेट्रोलची टाकी उतरवली. ही त्याने खोललेली पहिली वस्तू. तिच्यातून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवत नाही. वार्निशासारखा वास, मधासारखा रंग, तळाला गंजाचा गाळ. हे कार्बोरेटरमध्ये गेलं असतं तर जेट एका मिनिटात बुजले असते. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टाकीचं नावच घ्यायचं नाही. सलाइनच्या बाटलीसारखी एक बाटली वर टांगायची आणि तिच्यातून ताजं पेट्रोल द्यायचं. डॉक्टरांच्या गाडीला ते शोभतंही.

पेट्रोलवरून एक नवीन गोष्ट, जी उस्तादांच्या काळात नव्हती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतो, मऊ पडतो, आतून सुटलेले कण कार्बोरेटरमध्ये जातात. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि या गाडीचं तापण्याशी नातं आपण पाहिलंच. तेव्हा पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केटं इथेनॉल सोसणारी लावायची, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही. पोराने यावर चार पानं लिहिलीत, ती चुकवू नका.

ब्रेक मात्र इंजिनाच्या आधी. हा मुद्दा मी त्याच्याशी भांडून आधीच्या प्रकरणात घ्यायला लावला. सुरू झालेली गाडी कुणालाही गोठ्याबाहेर एक चक्कर मारायचा मोह घालते आणि उंद्रीच्या त्या गल्लीत पोरं खेळत असतात. ब्रेकचं तेलही पाणी ओढतं. पंचवीस वर्षांत व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. त्यात ब्रेकची लाइन एकच असली, तर एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, पाइप, लायनर, हे सगळं नवंच. जुन्या बाजारातला ब्रेकचा एक वायसरसुद्धा नको.

मग प्रश्न येतो सामान मिळतं कुठे. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती टॅक्सी राहिली नाही. वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. मला काळजी वाटली ती वेगळीच. रस्त्यावर हजारो टॅक्स्या होत्या तोवर कुठेतरी कुणीतरी किंगपिनचे सेट, क्लच प्लेटी, वॉटर पंपाची किटं, दाराची रबरं बनवत होतं. गिऱ्हाईक गेलं की बनवणारा थांबतो आणि मग दुकानातल्या मागच्या फळीवर उरलंय तेवढंच उरतं. मुंबईत कुर्ला, ऑपेरा हाऊस आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, ही ठिकाणं पोराने नकाशासारखी मांडलीत. त्याने याद्या तीन केल्यात : चालायला लागणारं, थांबायला लागणारं आणि दिसायला लागणारं. पहिल्या दोन आधी हे उघड आहे. पण तिसऱ्या यादीतली वस्तू कुठे दिसली तर पैसे नसले तरी उसने काढून घ्यावी, असं माझं मत. इंजिनाचा कुठलाही भाग लेथवाला करून देईल. मागच्या दिव्याची काच, बंपरचं अक्षर, दाराचं हँडल हे कोणी करून देत नाही.

कागदपत्रांचं प्रकरण वाचायला कंटाळवाणं आहे आणि तेच आधी वाचावं. गावात पहिला प्रश्न हाच विचारतात, पंधरा वर्षांवरची गाडी आता चालते का? चालते. दिल्ली आणि तिच्या परिसरातला नियम लोक आपल्याला लावून बसलेत. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करायची, गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पाच-पाच वर्षांनी पुन्हा तेच. फेरनोंदणीची फी २०२२च्या एप्रिलपासून एकदम पाच हजार झाली आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार. दुखतं, पण होतं. या गाडीचं आरसी बुक मात्र वारलेल्या डॉक्टरांच्या नावावर. म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायचं, त्याला फॉर्म ३१. मग वारसाकडून पोराकडे, फॉर्म २९ आणि ३०. शिवाय जुन्या नोंदी संगणकावर नसल्या तर बुलडाण्याच्या आरटीओत बॅकलॉगची रांग. 'पुण्याचा मुलगा देतो म्हणाला' या भरवशावर कोणी गाडीत पैसा घालू नये. मुलगा बदलतो, सून बदलते, जमिनीच्या वाटणीत गाडीही येते.

पत्रा टोचून बघितला त्याच संध्याकाळी आम्ही चासी नंबर जुळवला. बॉनेट उघडून नंबरावरचं तेलकट पुट रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासली. लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. शेवटचे दोन रंगाच्या थराखाली बुजलेले, ते नखाने खरवडले. आरसी बुकाशी ताडून बघेपर्यंत कोणी बोललं नाही. जुळला. पोराच्या आईने दारातूनच विचारलं, "पास झालं का काही?"

आता या गाडीपुढे दोन वाटा आहेत आणि त्यावर आमचं एकमत नाही. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. १९७८ची गाडी २०२८ साली पन्नाशी गाठते. पोरगा त्यासाठी अडून बसलाय. पण त्या नंबराची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. आणि याच पोराने पहिल्या प्रकरणात लिहिलंय, की गाडी झाली की आजीला घेऊन शेगावला जाणार. बाबा रे, दोन्ही कसं जमेल? मी सांगितलं, आधी साधी फेरनोंदणी कर, आजीला शेगाव दाखव, विंटेजचं मग बघू. गाडीची पन्नाशी कुठे पळून जात नाही, आजीचं वय मात्र थांबत नाही. त्याने अजून ठरवलेलं नाही. पुस्तकात ते पान तसंच मोकळं सोडलंय.

एक मात्र दोन्ही वाटांना लागू : इंजिन बदलायचं नाही. फियाटीत डिझेल इंजिन बसवणारे, मारुतीचं इंजिन कोंबणारे कारागीर आमच्याकडे कमी नाहीत आणि त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण तशी गाडी मग पद्मिनी उरत नाही, आणि विंटेजच्या अर्जातही अडते.

किती नवं करायचं, हा खरा वादाचा विषय. पोराला गाडी लाल हवी होती. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जी जागतिक संघटना आहे, फिव्हा, ती १९६६ पासून चालते आणि तिने ट्युरिनच्या सनदेत हा विषय मांडलाय. ट्युरिन म्हणजे फियाटचंच गाव. तिचा कल असा, की जमेल तितकं मूळ जपावं, आणि नवं करणं ही शेवटची पायरी. हे ऐकून पोराचं तोंड उतरलं. मग त्याला फ्रान्सची गोष्ट सांगितली. पश्चिम फ्रान्समधल्या एका घराण्याच्या आवारात पडव्यांखाली साठएक गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. २०१४ साली त्या जगासमोर आल्या. त्यातल्या एका फेरारीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला लिलाव झाला. त्या फेरारीची धूळसुद्धा पुसली नव्हती आणि ती एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. आपल्या पद्मिनीवरच्या कुटाराला तो भाव येणार नाही, हे त्यालाही कळतं. पण त्यानंतर त्याने ग्लोव्ह बॉक्सच्या आतला पत्रा घासून बघितला. उन्हाचा हात कधीच न लागलेला तो मूळ रंग निघाला : फिक्कट, दुधात निळीचा थेंब पडावा तसा. लालाचं नाव त्याने नंतर काढलं नाही. पत्रा चांगला आहे तिथे जुना रंगच पॉलिश करून ठेवायचा आणि डावं मडगार्ड व सडलेली पट्टी एवढंच रंगवायचं, असं आता ठरलंय. दोन निळे थोडे वेगळे दिसतील. दिसू देत.

पैशाबद्दल त्याने मोकळेपणाने लिहिलंय, म्हणून मी फार बोलत नाही. बजेट वर्षाचं नाही, हंगामाचं आहे. सोयाबीन निघालं आणि भाव बरा आला तर इंजिन. नाही आला तर फक्त ब्रेक. वडिलांनी घातलेली अट अशी, की गाडीसाठी कर्ज नाही आणि गाईची जागा गाडीने घ्यायची नाही. आईची अट त्याहून कडक : पापडाचे डबे परत हवेत. नट-बोल्ट ठेवायला पोराने घरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे नेले. प्रत्येकावर पांढरी पट्टी, तारीख, कुठून काढला, किती काढले, खालचा वायसर आधी की नंतर. माझ्या चार पोत्यांकडे पाहता मला हे डबे देवघरात ठेवावेत असे वाटतात. आईला तसं वाटत नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. उस्तादांना ताप होता. ते आले तेव्हा मीही गेलो. पोराने पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला. उस्तादांनी त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला, जोर करायला नव्हे, जोर किती लागतोय ते कळायला. "लावू नको. टेकव." पाना हलेना. पुन्हा थोडं तेल, पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि फॅन वीतभर फिरला. उस्ताद म्हणाले, बस, आता उलटा. वीतभर उलटा. मग थोडा पुढे. अर्ध्या तासाने इंजिनाने पूर्ण फेरा घेतला आणि तिसऱ्या प्लगच्या भोकातून जुन्या तेलाची चूळ उडून पोराच्या शर्टावर पडली. वासरू बिचकलं.

तो शर्ट न बदलता रजिस्टर घेऊन बसला. मी खांद्यावरून बघितलं. त्या दिवसाचं पान या पुस्तकात जसंच्या तसं छापलंय, तेलाच्या बोटांसकट : इंजिन हाताने फिरलं. बाकी आज काही खोलायचं नाही.